हात दुखेपर्यंत

प्लास्टिक जळल्याचा वास आला की मला घाटकोपरचा तो फण्यांचा कारखाना आठवतो. सातवीतच शाळा सुटली होती, घर तिकडे मालवणला राहिलं होतं, आणि शेजारच्या मशीनवरच्या मावशी एवढंच काय ते माझं मुंबईतलं माणूस. ऐंशीनंतरची ती वर्षं. एका दुपारी तापलेल्या साच्याला माझा तळहात चिकटला, कातडी सोलून निघाली, पण दुखलंच नाही. बायका ओरडल्या, मी मात्र थिजले, कारण बाहेरच्या भिंतीवर रंगवलेलं मी रोज वाचायचे, की बधिर कातडी ही कुष्ठरोगाची खूण. आता काम जाणार, खोलीवरूनही हाकलणार! दवाखान्यात हे मावशींच्या कानात सांगितलं, तर त्या फटकन म्हणाल्या, "गप गो, तुझ्या तोंडाक हाड नाय!" डॉक्टरीणबाईंना ते ऐकू गेलं, त्या हात धुता धुता हसल्या. "अगं, माणूस घाबरलं की मेंदू स्वतःच अफूसारखं द्रव्य सोडतो. दुखण्याची खबर एका नसेकडून दुसरीकडे नेणारं जे रसायन असतं ना, त्याला ते सुटूच देत नाही. भीती उतरू दे, मग बोंबलशील." मला काही पटेना. मावशींनी पदराने माझा घाम पुसला, "मी आसंय मा," म्हणाल्या, आणि बाकावर बसल्या बसल्या हाताची अशी आग झाली की मी किंचाळले, "मावशी, दुखतंय!" "दुखता गो हिका!" म्हणत त्यांनी डॉक्टरीणबाईंना हातच जोडले. अजूनही कुठे ठणका लागला, की कळवळायच्या आधी मी हुश्श करते.