पितळी पट्टीवर पाय

सासरे गेले आणि सासूबाईंनी देवाशी बोलणंच टाकलं. पूजा नाही, दिवा नाही, साधं नावही नाही. आमच्याकडे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला राहायला आल्या तरी तेच. नवऱ्याला घोर लागलेला. मी म्हटलं, देवाशी अबोला धरणारी बाई सुनेचं काय करेल?

त्या रविवारी शेजारच्या निवृत्त पाद्रीबाबांचं चर्चच्या सभागृहात व्याख्यान होतं. केक मिळणार म्हणून मी सासूबाईंना ओढतच नेलं. विषय जुन्या जपानमधल्या ख्रिस्ती लोकांचा. धर्मावर बंदी आली होती. येशूची प्रतिमा कोरलेली पितळी पट्टी जमिनीवर ठेवायचे आणि लोकांना तिच्यावर पाय द्यायला लावायचे. दिला तर सुटका, नाहीतर छळ. मिशनरी देवाचा धावा करत राहिले, देव मात्र गप्प. मी कानाशी भाषांतर करत होते.

"गप्पच असतो मेला," सासूबाई पुटपुटल्या.

मग पाद्रीबाबांनी खरंच तशी एक पट्टी खाली ठेवली, स्वतः अधिकारी बनून खुर्चीत बसले आणि विचारलं, कोण येतंय? जर्मन मंडळी चिडीचूप. एवढ्या शांततेत मला हमखास हसू फुटतं, तसं फुटलं. आणि बघते तर काय, सासूबाई उठलेल्या! बूट काढले, साडी जरा वर धरली, लोकरीच्या मोज्यातला पाय ठामपणे पट्टीवर ठेवला. आणि लगेच खाली वाकून पट्टीला हात लावला, तोच कपाळाला. पुस्तकाला पाय लागला की आपण करतो ना, अगदी तसं.

पट्टीला नमस्कार केला म्हणून पाद्रीबाबांनी तिथल्या तिथे त्यांना अटक केली. सभागृह खो खो हसत सुटलं. सासूबाई पदरात तोंड खुपसून हसत होत्या, मी खुर्चीवरून पडायचीच बाकी होते. डोळे पुसत पाद्रीबाबा म्हणाले, तिकडेही कितीतरी जण पाय देऊन घरी जायचे आणि गुपचूप क्षमा मागायचे. तेही मी सांगितलं.

ट्राममध्येसुद्धा आमचं हसणं थांबेना. मध्येच सासूबाईंनी माझा हात धरला.

"अगं, मी माफी मागितली. म्हणजे तो आहे, असंच धरून चालले ना मी?"

"हो, आई."

"मग चल लवकर. मला त्याला चांगलं फैलावर घ्यायचंय."

घरी पोचताच कोटसुद्धा न काढता त्या देव्हाऱ्यासमोर बसल्या. "ह्यांना का नेलंस?" एवढंच मला ऐकू आलं. मी दार हळूच ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने एकटीच नाचले.