विधाने खरी मानून चालावे

संशय आमच्या घरातच आहे. आम्ही मखमलाबादकडचे फुलवाले. झेंडू, शेवंती आणि सणासुदीला थोडी गुलछडी. आपला माल कमी पडला की आई दुसऱ्याचा घ्यायची, पण ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बघितल्याशिवाय नाही. वजन वाढावं म्हणून फुलांवर पाणी मारायची खोड सगळ्या बाजाराला आहे. आम्ही कधीच मारलं नाही, असं मीही छातीठोकपणे सांगणार नाही. आता मी बँकेत कर्जाची प्रकरणं तपासते, म्हणजे संशय घेण्याचाच पगार खाते. पण संशय घेणं वेगळं आणि आपल्यावर घेतला जाणं वेगळं. हे मला बँकेच्या परीक्षेची तयारी करताना कळलं.

क्लास कॉलेज रोडच्या एका गाळ्यात, दुसऱ्या मजल्यावर होता. आमचा टेम्पो मला घेऊन पहाटेच फूलबाजारात पोचायचा, क्लास आठला सुरू व्हायचा. मधल्या वेळात मी कुठे बसणार, म्हणून सरांनी दाराची एक चावी मला देऊन ठेवली होती. फीही माफ केली होती. हे असं कुणी उगीच करत नाही, असं माझं मन तेव्हाही म्हणायचं. मी त्याला गप्प बसवायची.

माझ्यासारखीच लवकर येणारी आणखी एक मुलगी होती. तिचे वडील अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे आणि जाता जाता तिला सोडायचे. दार मी उघडायची, मग एकीने चहा आणायला खाली उतरायचं, असं आमचं चालायचं. माझी क्लासमधली मैत्रीण म्हणजे तीच.

सरांचा सगळा जीव रिझनिंगवर, त्यातही युक्तिवाद बळकट करण्याच्या प्रश्नांवर. एका चौकात सिग्नल बसवला, अपघात कमी झाले. म्हणून सिग्नलमुळेच अपघात कमी झाले. आता खालीलपैकी कोणतं विधान या युक्तिवादाला बळकटी देतं? आम्ही हटकून 'सिग्नल लोकांना आवडला' असल्या पर्यायाला भुलायचो. सर फळ्यावर मार्कर आपटून सांगायचे, "दुसरं कारण बाद करा! त्या काळात रहदारी कमी झाली नव्हती, हे ज्या पर्यायात आहे तो उचला." आणि लगेच पुढे, "पर्याय खरा की खोटा हे बघू नका. प्रश्नातच म्हटलंय, विधाने खरी मानून चालावे. तो खरा असला तर युक्तिवादाला किती जोर येतो, एवढंच बघा." ही सवय आमच्या अंगात इतकी मुरली की आम्ही घरच्या भांडणातही तसंच बोलायला लागलो.

दर शनिवारी सराव परीक्षा व्हायची. एका सोमवारी निकाल लागला आणि रिझनिंगमध्ये माझं एकही उत्तर चुकलं नव्हतं. त्याआधी मी कधी पहिल्या पाचातही नव्हते. माझा आनंद मधल्या सुट्टीपर्यंत टिकला.

सुट्टीत मी पाण्याच्या टाकीपाशी होते. आत बाकांवर पोरंपोरी अगदी प्रश्न सोडवल्यासारखी बोलत होती. निष्कर्ष ठरलेलाच होता: हिने पेपर आधी पाहिला. मग पर्याय आले. चावी हिच्याकडे असते. सरांच्या केबिनचं दार नुसतं लोटलेलं असतं. परवा ही केबिनमधून बाहेर येताना दिसली. हे शेवटचं धडधडीत खोटं होतं, पण कुणी विचारलं नाही की पाहिलं कुणी. "स्ट्राँग आहे," एवढंच एक जण म्हणाला. चावीचा पर्याय माझ्या मैत्रिणीने दिला होता. तिचा आवाज मी कुठेही ओळखला असता.

सुट्टी संपल्यावर सर आले. कुजबुज त्यांच्याही कानावर गेली असणार. त्यांनी मला काही विचारलं नाही. फक्त हात पुढे करून चावी मागितली, आणि सगळ्यांच्या देखत ती माझ्या मैत्रिणीला दिली.

मग काय, याहून बळकट पर्याय कुठला हवा होता?

तो आठवडा मी जिन्यात बसून काढला. मैत्रीण येऊन दार उघडायची, "ये ना आत," म्हणायची, आणि मी म्हणायची, "नको, इथे वारा आहे." मला प्रत्येकाचा संशय यायचा. मागे कुणी हसलं की ते माझ्यावरच. सरांनी अजून काढून टाकलं नाही याचाही संशय यायचा. वाटायचं, पुरावा गोळा करत असतील.

बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. आमच्या गल्लीतला एक जण त्याच क्लासला होता. वडील जेवता जेवता म्हणाले, "आसं काय आसल तर क्लास बंद. बाजारात तोंड दाखवायचंय आपल्याला." परीक्षा तोंडावर होती. क्लास बंद म्हणजे परीक्षा बंद, आणि पुढचं सगळं टेम्पोवर.

नंतर हार गुंफताना आई हळूच म्हणाली, "खरं सांग. पाह्यला व्हता का तू पेपर?"

"नाही गं."

"नाय ना?"

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. ढिगात हात घालून बघावं तसं ती मला बघत होती. वडिलांचा मला राग आला, पण आईचं मला फार लागलं.

पुढच्या शनिवारी पुन्हा परीक्षा झाली. सोमवारी माझी मैत्रीण आलीच नाही, आणि सर मात्र खुशीत आले.

त्यांनी सांगितलं ते असं. पूर्वी दुसऱ्या एका क्लासने त्यांचे पेपर उचलले होते. तेव्हापासून केबिनमध्ये ठेवलेल्या उत्तरतालिकेत ते रिझनिंगच्या एका प्रश्नाचं उत्तर मुद्दाम चुकीचं छापतात; इतकं चुकीचं, की विचार करणारा माणूस ते निवडणारच नाही. ज्याच्या पेपरात ते उत्तर सापडेल, त्याने केबिनमधली उत्तरं पाहिली. आधीच्या शनिवारी ते माझ्या मैत्रिणीच्या पेपरात सापडलं होतं. "पण एकदा योगायोगही असू शकतो. म्हणून तिलाच चावी दिली. या शनिवारी पुन्हा सापडलं. काल तिच्या वडिलांना बोलावून घेतलं."

वर्गाने माझ्याकडे वळून पाहिलं, आता एकदम मायेने. सरांना तर माझा धडाच करायचा होता. त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'या मुलीने पेपर पाहिला नव्हता.' आणि विचारलं, "बळकटी कशाने मिळते?" पहिल्याच बाकावरून उत्तर आलं, "सर, त्या प्रश्नाचं तिचं उत्तर बरोबर होतं." सर म्हणाले, "शाब्बास!"

मी मात्र हिशेब मांडत होते. पेपर रविवारी तपासले जायचे. माझी चावी त्यांनी सोमवारी मागितली.

मी उभी राहिले. "सर, एक विधान माझंही घ्या. माझं ते उत्तर बरोबर होतं, हे तुम्हाला माझी चावी काढून घेतली तेव्हाच माहीत होतं. हे खरं मानलं तर कुठला निष्कर्ष बळकट होतो?"

सर हसले. "अगं, तेव्हाच बोललो असतो तर ती सावध झाली असती. आणि आता सगळ्यांसमोर तुझं नाव स्वच्छ केलं ना? तुझं नुकसान काय झालं?"

"माझ्या आईने मला विचारलं, सर," मी म्हणाले. "तीनदा विचारलं." पुढचं ठणकावून सांगायचं होतं, की तुम्ही एक शब्द बोलला असतात तर तिला विचारावं लागलं नसतं. पण एवढ्या पोरापोरींसमोर मी तिथेच उभी राहून रडायला लागले.