वॉर्निशचा वास

समजा, तुमच्यासमोर एक लाकडी स्टँड उलटा पडला आहे. माशांच्या टाकीसाठी तुम्हीच घरी ठोकलेला. पॉलिश पेपरने घासून झाला आहे, भुसा टिपून झाला आहे. आता फडक्यावर थोडा स्टेनर घ्यायचा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवत न्यायचा. जास्त झालेला लगेच पुसायचा. फळ्यांची कापलेली टोकं अधाशासारखा रंग पितात, तिथे हात आखडता ठेवायचा. रंग वाळला की वॉर्निशचा हात, मग हलकं घासणं, मग पुन्हा हात. टाकीतलं पाणी कुठून ना कुठून ठिबकणारच, म्हणून जिथे कुणी बघणार नाही तिथेही.

आणि समजा, हे करताना तुम्हाला वास येत नाही. कशाचाच.

लिफ्टवाल्यांचं तसंच होतं. उभी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली म्हणून इमारतीत त्यांना हेच नाव. मागे एका तापात त्यांचं नाक गेलं ते गेलंच. "तुमचं नाक आता चष्मा अडकवण्यापुरतं," बायको म्हणायची. दूध नासलं का, गॅस नीट बंद आहे का, शर्ट धुवायला टाकायचा का, हे तीच सांगायची. स्टँडही तिनेच मागितला होता. जुन्या लोखंडी टेबलाचे पाय गंजून टाकी एका बाजूला कलली होती, आणि टाकीत तिचा जाड्या होता. नारिंगी, एकटा, कायम भुकेला मासा. स्टँडचा सांगाडा उभा राहिला आणि झोपेतच ती गेली.

लिफ्टवाले रडले नाहीत. लोक भेटायला आले, त्यांनी सगळ्यांना चहा करून दिला. रडू येत नाही याचंही त्यांना काही वाटत नव्हतं. टाकी आणखी कलली तेव्हा त्यांनी जाड्याला टबात काढलं, हवेचा पंप लावला आणि हार्डवेअरचं दुकान गाठलं.

"वॉर्निशचा वास पूर्ण गेल्याशिवाय टाकी ठेवू नका," दुकानदार म्हणाला. "मासा मरेल."

"किती दिवस लागतील?"

"दिवस कसले मोजताय? नाकाने बघायचं."

लिफ्टवाल्यांनी डबा उचलला आणि घरी आले.

ओल्या वॉर्निशवर धूळ बसू नये म्हणून त्यांनी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या. हात मारता मारता डोकं जड झालं. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पुसलं तरी येतच राहिलं. ते ब्रश हातात धरून स्टुलावर बसले. आलं एकदाचं, त्यांना वाटलं. येऊ दिलं.

बेल वाजली. मेहुणी होती, बायकोची धाकटी बहीण. दार उघडताच तिने रुमाल नाकाला लावला.

"अहो भावोजी! स्टँडला मारताय की स्वतःला?"

"धूळ बसते म्हणून..."

"बसू दे की! माणूस आडवा झाल्यावर चकचकीत स्टँड काय करायचाय? खाली जिन्यापर्यंत वास येतोय."

तिने धडाधड खिडक्या उघडल्या आणि टबाकडे धावली. जाड्या पाण्याबाहेर तोंड काढून आ वासत होता. खोलीतली तीच हवा पंप टबात ढकलत होता. दोघांनी टब उचलून गॅलरीत नेला, बादलीत साठवलेलं शिळं पाणी त्यात घातलं.

"वाचेल का गं?"

"मला काय विचारता? मी काय माशांची डॉक्टर आहे?" मग तिचा आवाज उतरला. "ताईचा आहे. वाचायला पाहिजे."

गॅलरीतल्या वाऱ्याने लिफ्टवाल्यांचे डोळे लगेच कोरडे झाले. मेहुणीचे झाले नाहीत. त्यांनी आपला गाल चाचपून पाहिला. मग आत जाऊन राहिलेली कड पूर्ण करायला घेतली.

त्यानंतर मेहुणी रोज कामावरून परतताना वर यायची आणि खांद्यावरची पर्सही न काढता स्टँडला नाक लावायची.

"येतोय अजून."

"खालून बघ."

"रोज वाकायला लावा मला. माझ्या कमरेला पण एक स्टँड ठोका. येतोय."

जाड्या गॅलरीत खात होता. लिफ्टवाले त्याला दाणे टाकायचे, स्वतः जेवायचे, भांडी घासायचे.

एका संध्याकाळी ती गुडघे टेकून वाकली, आतल्या फळीला नाक लावून बराच वेळ तशीच राहिली आणि म्हणाली, "गेला."

त्यांनी टाकी ठेवली, पाणी भरलं. जाड्याने एक फेरी मारली आणि काचेला तोंड लावून खायला मागितलं.

"हावरट मेला," मेहुणी हसली. "चला, येते मी."

दारामागच्या खुंटीवर बायकोचा राखाडी स्वेटर होता. तिने काढून ठेवला तसाच, न धुतलेला. लिफ्टवाले रोज त्यात तोंड खुपसतात. लोकर टोचते, तेवढंच कळतं. आज त्यांनी तो खुंटीवरून काढला, मेहुणीपुढे धरण्यासाठी. पण मघाशी ती "गेला" किती सहज म्हणाली, ते आठवलं.

"काय हो?" तिने वळून विचारलं.

"काही नाही. सावकाश जा."

लिफ्ट खाली जाऊन थांबल्याचा आवाज त्यांनी सवयीने शेवटपर्यंत ऐकला. मग स्वेटर मांडीवर घेऊन टाकीसमोर बसले.

या स्वेटरला अजून तिचा वास येत असेल का?