स्वच्छ पाण्याची टाकी

प्रयोगशाळेतल्या टापटीपबाईंचा पारा त्या दिवसांत कायम चढलेला असे. पाण्यात कीटकनाशक मिसळलं की माशांच्या यकृतात आणि मूत्रपिंडात विष निकामी करणारी एन्झाइम्स किती वाढतात, हे मोजायचं त्यांचं काम. औषधाच्या टाक्यांत ती वाढायला हवीत. नुसत्या स्वच्छ पाण्याच्या टाकीतले मासे मात्र निवांत हवेत, नाहीतर तुलना करायची कशाशी? पण हे दिवटे स्वच्छ पाण्यात राहूनही विष प्यायल्यासारखे आकडे देत होते. सगळं पहिल्यापासून करून पाहिलं, पुन्हा तेच. सरांनी सांगून टाकलं, "बाई, आता शेवटची खेप. याही वेळी असंच आलं तर काम बंद."

मग बाईंनी दिसेल त्याला धारेवर धरलं. नळाचं पाणी तपासून घेतलं, माशांचं खाणं बदललं. झाडलोट करणाऱ्या मावशींना तर त्या खोलीत पाऊल टाकायची बंदी. "तुमच्या फिनाईलचा नुसता वास जरी आला ना, तर बघा!" मावशी बिचाऱ्या हिरमुसून गेल्या. घरी नवऱ्याचीही सुटका नव्हती.

"अगं, जेवताना तरी माशांना सोड."

"मी सोडेन हो, ते मला सोडत नाहीत!"

टाक्यांच्या खोलीत डासांचा नुसता उच्छाद. नवऱ्यानंच काळजीनं डास पळवणारं मलम आणून दिलं होतं. रोज सकाळी ते दोन्ही हातांना कोपरापर्यंत चोपडून बाई कामाला लागत. औषधाच्या टाक्यांसाठी लांब हातमोजे घालत. स्वच्छ पाण्याला कसले आलेत हातमोजे? तिथं उघडा हात खुशाल आत घालून त्या तळ साफ करत.

शेवटच्या खेपेलाही असाच तळ साफ करून त्यांनी उजवा हात बाहेर काढला, पुसला, आणि डास त्याच्यावर तुटून पडले. डाव्यावर मात्र एकही नाही. बाई चिडून चापट मारायला गेल्या आणि मध्येच थबकल्या. उजव्या हातावरचं मलम गेलं कुठं?

त्यांनी तडक जाऊन सरांना सगळं सांगितलं. सर हसू आवरत म्हणाले, "म्हणजे एवढ्याशानंही माशाचं यकृत राबायला लागतं तर! फक्त टाकी चुकली. नवे मासे आणा, पुन्हा करू."

काम वाचलं, पण बाईंना हसू येईना. ज्यांना सगळ्यांत जपलं, त्यांनाच आपण रोज स्वतःच्या हातानं विष पाजलं, या विचारानं त्यांना स्वतःचीच भयंकर चीड आली. टाकीपाशी येऊन, काचेआडून बघणाऱ्या माशांवर त्या खेकसल्या, "तुम्हाला तरी बोलायला काय झालं होतं रे?"