अक्काची रांग

खो-खोच्या रांगेत आठच जणी बसतात, हे अक्काला पक्कं ठाऊक होतं, पण मान्य मात्र नव्हतं. धुळ्याच्या आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहामागच्या मैदानावर तिची रांग थेट कुंपणापर्यंत जायची. ओढण्या कमरेला बांधून आम्ही झाडून साऱ्या बसायचो. “जी उनी तिले बसाडानं,” आली तिला बसवायचं, एवढा एकच नियम. ती साक्रीकडची, वयाने आमच्याएवढीच. पण दटावणं असं की पहिल्याच आठवड्यात तिची अक्का झाली.

खेळाची आवड म्हणाल तर आमच्यात कुणालाच नव्हती. कॉलेज सुटलं की वसतिगृहाचं फाटक लागायचं आणि संध्याकाळी तासभर उघडायचं ते फक्त खेळणाऱ्यांसाठी. कुणी मोकळ्या हवेसाठी यायची, कुणी मनसोक्त ओरडायला. मी चाळीसगावची, पेपरांच्या धास्तीने रात्र रात्र जागणारी. पळताना ती धास्ती विसरायची, म्हणून मी यायचे. अक्काने कुणालाच कारण विचारलं नाही. खोलीत कुणी तोंड पाडून बसलेली दिसली की दंडाला धरून खाली न्यायची. गुण मोजायची पद्धतच नव्हती. दमलो की डाव संपला.

रेक्टर मॅडमना हा तास खुपायचा. इतक्या खेळता, तर एखादं बक्षीस कधी दिसलं नाही, असं त्या येता-जाता ऐकवायच्या. फाटक बंद होणार अशी कुजबुज सुरू झाली तेव्हा अक्का घाबरली. एकदा जिंकून दाखवलं की कुणी बोलणार नाही, असा तिने हिशेब केला. जळगावच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना ती आमच्यातल्या चपळ मुली घेऊन गेली आणि जीव तोडून पळाली. ढाल घेऊन आली, त्या दिवशी आम्ही तिला खांद्यावर घेतलं. किती वेड्या होतो आम्ही.

पुढच्याच आठवड्यात शिट्टी घेऊन एक सर आले. त्यांनी बारा जणी निवडल्या. बाकीच्यांनी गर्दी न करता अभ्यास करावा, असं मॅडमनी सांगितलं. फाटक आता बारा जणींपुरतंच उघडू लागलं. आम्ही गॅलरीतून बघायचो. अक्का सरांशी भांडली, मॅडमपुढे रडली. मग एका संध्याकाळी खो मिळाला तरी जागची उठलीच नाही. सरांनी तिला काढून टाकलं.

त्या रात्री ती माझ्या खाटेवर येऊन बसली. “मीच तुमले कोंडी टाकं वं बठ्ठीसले,” म्हणाली. आम्हां सगळ्यांना तू नाही कोंडलंस, तुझं काही चुकलं नाही, असं मी परोपरीने सांगितलं. तिला ते पटलं नाही. दिवाळीला घरी गेली ती परत आलीच नाही. फोन तिच्या आईने उचलला. लग्न ठरलं होतं. पोरीचं शिक्षणात मन राहिलं नाही म्हणे.

माझी मावसबहीण आता त्याच वसतिगृहात राहते. परवा तिला भेटायला गेले होते. खेळाचा तास कधीच बंद झालाय. संध्याकाळी काय करतेस, विचारलं तर मोबाइल बघते म्हणाली. खेळत का नाही गं, म्हटलं.

“कशासाठी?” तिने विचारलं.

अक्काने तिला उत्तर दिलं नसतं, दंडाला धरून खाली नेलं असतं. मीही तिचा दंड धरला. मग सोडला. फाटक बंद होतं.