एक वर्ष नुसतं बसायचं होतं

बी.एस्सी.चा शेवटचा पेपर देऊन आले आणि पुस्तकं माळ्यावर फेकली. तीन वर्षं पहाटेची एस.टी. धरून प्रॅक्टिकलं गाठताना जीव पार मेटाकुटीला आला होता. आईला म्हटलं, "आता वर्षभर मी काही करणार नाही."

आई शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "काही न्हाई म्हंजी?"

तिचंही बरोबरच होतं. आमच्या कोपरगावकडं असलं काही नसतंच. मुलगा घरी बसला तर तो एमपीएससीचा अभ्यास करतो, मुलगी बसली की तिला स्थळं बघतात. आठवडाही गेला नाही, आत्या हजर! माझा बायोडाटा करायला बसली आणि शिक्षणापाशी अडली. "शिकली म्हनावं का अजून शिकती? शिकती म्हनलं तर कुनी इचारायचं न्हाई बघ."

मी तेवढंच उचललं. दुसऱ्या दिवशी पप्पांना सांगितलं, मला एम.एस्सी. करायचीय. केमिस्ट्रीचं नावही नको झालं होतं, पण करणार काय? नगरच्या कॉलेजात सरांनी विचारलं, "विषयाची आवड आहे ना?" म्हटलं, "खूप." कसली आवड न् काय! तिथंच सावेडीत मैत्रिणींबरोबर खोली घेतली. पहिल्याच रविवारी दुपारपर्यंत झोपले, कुणी उठवलं नाही. वाटलं, सुटले बाई एकदाची.

दिवाळीला घरी गेले तर ओसरीवर पाहुणे बसलेले, मुलाकडचे. मी आत चहा गाळत होते. बाहेर पप्पा तोऱ्यात सांगत होते, "पोरगी एम.एस्सी. करतीय. दोन वर्षं तरी लग्नाचा इषय न्हाई." मला बापाचं इतकं कौतुक वाटलं!

मुलाचे वडील हसले. "करू द्या की, आमी थांबतो. आमचीच शाळा हाय, ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्रीला मान्सं मिळत न्हाईत. सूनच शिकवील जन्मभर."

पप्पा पुढं सरकून बसले. मग म्हणाले, "हे तर लई बेस झालं."

इतकी दमले होते की रडूसुद्धा आलं नाही. आईनं माझी ओढणी सारखी केली, कपांचा ट्रे हातात दिला आणि हळूच म्हणाली, "जा. चहाच तर द्यायचाय."