फाटक कोणी उघडलं

घाट चढून वर आलं की डोंगराच्या धारेवर सरकारी विमानतळ लागतो. विमानतळ म्हणजे काय, तर एक डांबरी पट्टी, तारेचं कुंपण आणि पत्र्याची चौकी. महिन्यात दोन-चार विमानं उतरली तर उतरली. निवृत्ती तिथं एकवीस वर्षं चौकीदार. विमान येतंय असा फोन आला की पट्टीवरची गुरं हाकलायची, शिटी फुंकायची, एवढंच काम.

कुंपणाच्या आत गवत कमरेएवढं वाढे. त्याची बायको शालूबाई म्हशीसाठी ते कापायला येई. आत कोणाला सोडायचं नाही असा नियम होता, पण निवृत्ती स्वतःच तिला फाटक उघडून द्यायचा. टायफॉइडनं शालूबाईचे कान गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ती बोलणं ओळखायची.

गेल्या भादव्यात भर दुपारी फोन आला. निवृत्ती गुरं हाकलायला पार दुसऱ्या टोकाला धावला. बायको आत आहे, हेच त्याच्या डोक्यातून गेलं. ढगातून लहानसं विमान खाली आलं, तेव्हा शालूबाई डोक्यावर भारा घेऊन पट्टी ओलांडत होती. त्यानं जीव तोडून शिटी फुंकली. तिला काय ऐकू येणार! वैमानिकानं विमान बाजूला घातलं, ते कुंपणात घुसून कलंडलं. ती वाचली. त्या तरण्या वैमानिकाचा पाय मात्र गुडघ्यापासून कापावा लागला.

चार दिवसांनी चौकशीला साहेब आले. "ही बाई आत आली कशी?"

निवृत्तीच्या नोकरीची तीनच वर्षं उरली होती.

"मले नाही माहीत, साहेब. तारेखालून घुसली असन."

शालूबाई समोरच उभी होती. ती त्याच्या ओठांकडं बघत राहिली. मग साहेबांकडं वळून म्हणाली, "हाव, मीच घुसली."

गुन्हा तिच्यावर नोंदला गेला, नोकरी त्याची वाचली. घरी आल्यावर तो तिच्यापुढं बसला. "मले माफ कर वं. काय करू, भेव वाटलं..."

शालूबाईनं चुलीकडं तोंड फिरवलं. तिनं पाठ केली की तिच्याशी बोलायची सोयच नव्हती.

दिवाळीनंतर ती जळगाव जामोदला भावाकडं निघून गेली. निवृत्ती दोनदा आणायला गेला. दोन्ही वेळा तिनं त्याला पोटभर वाढलं, पण मान वर केली नाही.

आता कोर्टाच्या तारखेला ती भावाबरोबर येते. निवृत्ती रजा टाकून बाहेर निंबाखाली बसतो. आत जाऊन खरं सांगावं म्हणून दर वेळी उठतो, पायरीपर्यंत जातो आणि परत येऊन बसतो.